बाटली उपडी करून पाहणे

बाटली उपडी करायची.
एवढीच परीक्षा.
वाहिलं तर द्रव, नाही वाहिलं तर जेल.
डॉक्टर रीम हद्दाद यांनी पहिल्या दिवशी हे शिकवलं
तेव्हा मला हसू आवरेना.
दाभोळला आमची फुफू
चायना ग्रास जमलं का बघायला
वाटी अशीच उपडी करायची,
मगरिबच्या बांगेला चार मिनिटं असताना.

शारजा. जुलै. दार क्रमांक तीनशे अकरा.
बाहेर सेहेचाळीस, आत बावीस.
या बाटलीत नव्याण्णव टक्के पाणी आहे.
उरलेल्या एका टक्क्यावर
माझा पगार निघतो.

ते रेणू एकमेकांना चिकटलेले नाहीत,
नुसते टेकलेत.
देऱ्याहून येणाऱ्या बसमध्ये
झोपलेला अनोळखी माणूस खांद्यावर टेकतो
आणि आपण थांबा येईपर्यंत हलत नाही,
तसे.
टेकत टेकत धागा होतो,
धाग्याला धागा अडकून जाळं,
आणि एवढं सगळं पाणी
त्यात मुकाट उभं राहतं.

वहीत मी लिहिलं : आपोआप.
डॉक्टरांनी खोडलं.
"आपोआप काही नसतं, नाझनीन. तापमान लिही."

मग मी तापमान लिहिते.
जांभळा दिवा लावला की रेणू कमरेत वाकतो,
वाकला की टेकता येत नाही,
सगळं ढासळतं.
दिवा बंद. अंधारात पुन्हा सरळ, पुन्हा शेजार.
जोरात हलवलं तर पातळ.
वीस मिनिटं कुणी त्रास दिला नाही तर घट्ट.
(हे वीस मिनिटांचं मी स्वतःवरही करून पाहिलंय.
मला जास्त लागतात.)

मंगळवारी खोर फक्कानहून नव्हे,
इथल्याच खाडीतून पाणी आणलं बाटलीभर,
त्यावर कच्च्या तेलाचे दोन थेंब,
वर आमची चिमूटभर पूड.
तेल गोळा झालं, पाणी झालं नाही.
चिमट्याने उचललं, करवंदाएवढं काळं.
खाली समुद्र उरला,
नुसता खारट.

गुरुवारी रात्री चिलर बसला.
वॉचमन कुंजुमोनचा फोन, एक वाजता :
"मॅडम, तुमची खोली भट्टी झालीय."
टॅक्सीत मी अनवाणी होते हे
जिन्यावर कळलं.

चौसष्ट बाटल्या. सगळ्या वितळलेल्या.
दोन वर्षं, रॅकमध्ये रांगेत,
साधं पाणी दिसत होती.
डॉक्टरांना फोन लावला, त्या बैरूतला बहिणीकडे.
मागे कुकरची शिट्टी झाली, मग कुणी गॅस बंद केला.
म्हणाल्या, "हात लावू नकोस."
मी म्हटलं, पण सगळं गेलंय.
"नाझनीन. हात लावू नकोस. बस."

बसले. स्टुलावर, टॉर्च विझवून.
कुंजुमोनने चहा आणला, साखर जास्त.
तीन वाजून वीसला छतात काहीतरी खोकलं
आणि गार वारा सुटला.

फजरपर्यंत मी उपड्या करत गेले.
एक. थांबली.
दोन. थांबली.
सतरावीला माझाच हात कापत होता, ती नाही.
एकसष्ट थांबल्या.
तीन माझ्या मनगटावरून बाहीत गेल्या,
कोमट.

त्या तिघींचं काय झालं, अजून कळलेलं नाही.
झाकणं घट्ट होती. वजनं बरोबर होती.
उरलेलं मी फेकलं नाही,
कपाटात ठेवलंय, तारीख घालून.

सकाळी फुफूचा व्हिडिओ कॉल.
"रात्रभर काय करत होतीस गं?"
चायना ग्रास जमवत होते, म्हटलं.
ती बराच वेळ माझ्या ओल्या बाहीकडे बघत राहिली.
"आणि त्याचे पैसे देतात?"